आत्यांचं देणं

माझ्या जेवणाला आज जे वळण आहे ते माझ्या सासूबाईंनी लावलेलं आहे. आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात आणि सासऱ्यांना मामा. आत्या जाऊन आता काही वर्षं झाली. त्यांनी मला स्वयंपाक शिकवला असं नातेवाईक सांगतात, आणि ते खरंच आहे. पण स्वयंपाक मी कुठेही शिकले असते. आत्यांकडून मला जे मिळालं ते वेगळं होतं. ते नीट ओळखायलाच निम्मं आयुष्य गेलं, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मी डोंबिवलीत वाढले. सकाळी चहाबरोबर खारी किंवा बिस्किटं, डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, रात्री वरणभात. आईवडील दोघंही लोकलनं कामाला जायचे. आई पहाटे उठून जे करत होती त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पालेभाजी मात्र निवडायला वेळ लागतो म्हणून रविवारची. भाकरी गावाहून कुणी आलं तर. ताटात काय आहे याचा विचार मी कधी केला नव्हता. पोट भरलं की जेवण झालं, एवढंच मला ठाऊक होतं.

लग्न होऊन मंगळवेढा तालुक्यात आले. शिक्षिकेची नोकरीही त्याच भागात मिळाली. मंगळवेढ्याची ज्वारी प्रसिद्ध आहे; 2016 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं. खोल काळी जमीन पावसाचं पाणी धरून ठेवते, आणि पावसाळा सरताना पेरलेली ज्वारी त्या ओलीवर आणि थंडीवर वाढते. आमच्या घरी मालदांडी असायची. दाणा मोत्यासारखा आणि चवीला गोडसर. आत्या दळण थोडं थोडं आणायला लावायच्या, कारण पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते आणि भाकरी थापताना कडेनं चिरते. माझ्या भाकऱ्या ताज्या पिठाच्याही चिरायच्या. आत्या त्यावर काही बोलल्या नाहीत. रोज एक भाकरी मला थापायला द्यायच्या आणि ती स्वतःच्या पानात घ्यायच्या.

पहिल्या वेळेस दिवस गेले तेव्हा तपासणीत हिमोग्लोबिन आठच्या आसपास निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या आणि फोलिक अ‍ॅसिडच्या गोळ्या दिल्या आणि खाण्यापिण्याबद्दल बरंच सांगितलं. मी घाबरले होते. घरी येईपर्यंत त्यातलं निम्मं विसरले. आत्या बरोबर आल्या होत्या. त्यांनी सगळं लक्षात ठेवलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणानंतरचा माझा चहा त्यांनी बंद केला. "डॉक्टर काय म्हणाले? चहानं गोळी वाया जाते. आता चार वाजता पी." चहातल्या टॅनिनमुळे लोह अंगी लागत नाही, हे कारण त्यांना माहीत नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलेलं त्यांनी घरात लागू केलं.

ही गोष्ट मी मुद्दाम लिहिते आहे. जुन्या बायकांना सगळं आधीच माहीत होतं आणि गोळ्यांची गरजच नाही, असं हल्ली पुष्कळ लोक बोलतात. आत्या तसं कधी म्हणाल्या नाहीत. गोळी चुकली तर त्या रागवायच्या. एवढं उतरलेलं हिमोग्लोबिन नुसत्या भाजीभाकरीनं भरून येत नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं आणि त्यांनी ते मान्य केलं. भाजीभाकरी त्यांनी गोळीच्या जोडीला उभी केली. अंबाडी, चाकवत, तांदुळजा, घोळ, शेवग्याचा पाला यांतलं काहीतरी रोज असायचं. भाजी लोखंडी कढईत व्हायची आणि झाल्याबरोबर दुसऱ्या भांड्यात काढली जायची, नाहीतर काळी पडते. वर लिंबाची फोड पिळायला लावायच्या. मोड आलेली मटकी, हुलग्याचं माडगं, जवसाची नाहीतर कारळ्याची चटणी, शेंगदाणे आणि गूळ. हिवाळ्यात वाळवून ठेवलेला हरभऱ्याचा पाला उन्हाळ्यात शिजायचा, कारण तेव्हा रानात हिरवं काही नसायचं. यातलं विकतचं जवळजवळ काहीच नव्हतं.

पण त्या दिवसांतली खरी गोष्ट भाजीची नाही. आमच्या घरी आधी पुरुष आणि मुलं जेवायची, मग बायका. सुना सगळ्यांत शेवटी. तोवर कालवणाच्या भांड्यात रस्सा उरायचा, फोडी संपलेल्या असायच्या. पालेभाजी मुळातच शिजून एवढीशी होते. ती शेवटपर्यंत पुरत नसे. मला ते वावगं वाटत नव्हतं. नव्या घरची रीत म्हणून मी ती पाळत होते, आणि चटणीभाकरीवर दिवस निघत होते.

डॉक्टरांकडून आल्यावर आत्यांनी मला पहिल्या पंगतीला बसवलं, मामांच्या शेजारच्या पाटावर. माझी एक चुलत सासू त्या दिवशी घरी होती. ती म्हणाली, "सून पहिल्या पंगतीला?" आत्या तव्यावरची भाकरी उलथत होत्या. मान न वळवता म्हणाल्या, "दोन जिवांची हाय. तिला कशापायी थांबवायचं?" मामांनी आपलं ताट जरा सरकवून मला जागा करून दिली. मी लाजेनं वर बघितलं नाही. त्या पंगतीत माझ्या पानात भाजी पुरेशी होती.

आत्यांची एक सवय होती. पान वाढून झालं की त्या क्षणभर पानाकडे बघायच्या आणि विचारायच्या, "हिरवं कुठाय?" किंवा "डाळीचं काय हाय आज?" काय आहे यापेक्षा काय नाही याकडे त्यांची नजर जायची. नसलं तर उठून काहीतरी आणायच्या: कांद्याची पात, मुळ्याचा पाला, भिजवलेली हरभऱ्याची डाळ, ताकाचा पेला. मला सुरुवातीला ही टापटीप वाटली. नंतर ती माझीही सवय झाली आणि कधी झाली ते कळलं नाही.

मुलगी शाळेत जायला लागली त्या सुमारास मामांना मधुमेह निघाला. पाहुण्यांनी बिनसाखरेची बिस्किटं आणली, कुणी महागडी पिठं पाठवली. ज्वारीची भाकरी मधुमेहाला चांगली म्हणून ती हवी तेवढी खावी, असंही मामांना कुणीतरी सांगितलं होतं. पण भाकरीही पिठाचीच; चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. आत्यांनी भाकऱ्या कमी केल्या आणि कोरड्यास वाढवलं. वाटीभर मटकी, मोठी पळी भरून भाजी, काकडी, आणि मग भाकरी. मामा कुरकुरले. आत्यांनी स्वतःच्या पानातली भाकरीही तेवढीच केली, मग ते गप्प झाले. जेवून लगेच आडवं व्हायची त्यांची सवय मोडायला मात्र फार दिवस गेले. आत्या त्यांना गोठ्यापर्यंत काहीतरी काम काढून पाठवायच्या.

पुढे शाळेत पोषण आहाराचं काम माझ्याकडे आलं. पहिली ते पाचवीच्या मुलाला रोज 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ, 50 ग्रॅम भाजी आणि 5 ग्रॅम तेल. त्यातून 450 उष्मांक आणि 12 ग्रॅम प्रथिनं मिळावीत, असं प्रमाण ठरलेलं आहे. सहावी ते आठवीला याहून जास्त. मी वजनं मोजून वहीत लिहायची आणि काम झालं असं समजायची. एका रात्री आत्यांनी विचारलं, "पन्नास ग्राम भाजी म्हणजे कसली भाजी?" मी म्हटलं, बटाटा, कांदा, कधी टोमॅटो. त्या म्हणाल्या, "रोज?"

तेवढ्या एका शब्दानं मी वही मिटली. डोंबिवलीच्या डब्यातली माझी बटाट्याची भाजी मी दुसऱ्यांच्या मुलांना वाढत होते. शाळेच्या नळाचं सांडपाणी वाहून जायचं तिथे आम्ही शेवगा लावला, पुढे माठ आणि पालक. स्वयंपाक करणाऱ्या ताईंनी त्यात माझ्याहून जास्त कष्ट घेतले. पण मुलं खिचडीतला पाला वेचून ताटाच्या कडेला ठेवायची. आत्यांना सांगितलं तर म्हणाल्या, पाला वरून टाकू नका. बारीक चिरून फोडणीतच लसणाबरोबर परता, मग डाळ-तांदूळ घाला. तसं केल्यावर वेचणं पुष्कळ कमी झालं. सोमवारी मुलं जास्त जेवतात हे मला दिसत होतं. घरी सुट्टीचे दिवस कसे जात असतील, हा विचार आत्यांनी माझ्या डोक्यात घातला. सोमवारच्या खिचडीत तेव्हापासून डाळ आणि पाला आम्ही कधी कमी पडू दिला नाही.

हे सगळं चालू असताना मला वाचावंसंही वाटू लागलं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची आहारघटकांची कोष्टकं मिळवली. या संस्थेची सुरुवात 1918 मध्ये तमिळनाडूतल्या कुन्नूरला बेरीबेरीच्या अभ्यासातून झाली. 2017 च्या कोष्टकांत 528 खाद्यपदार्थांचं पृथक्करण आहे. मी त्यात आमचं स्वयंपाकघर शोधत बसले. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम प्रथिनं आणि जवळपास तितकाच चोथा; नाचणीत 360 मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम; बाजरीत लोह ज्वारीपेक्षा जास्त. धान्यांच्या प्रथिनांत लायसिन कमी असतं आणि डाळींत ते भरपूर, म्हणून भाकरीबरोबर मटकी किंवा हुलगे हवेत. मोड आणले की कडधान्यात क जीवनसत्त्व वाढतं. वाचलेलं मी आत्यांना सांगायची. त्या नीट ऐकून घ्यायच्या, मध्येच एखादा प्रश्न विचारायच्या. नाचणी आमच्याकडे पिकत नाही. पण कॅल्शियमचं ऐकल्यावर त्यांनी कोल्हापूरच्या बाजूच्या पाहुण्यांकडून ती मागवली आणि नातीला आंबील करून दिली. नवं घ्यायला त्या कधी नाही म्हणाल्या नाहीत.

2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचं म्हणून साजरं केलं, तेव्हा शाळेतही फलक लागले. ज्वारीचा मान वाढला याचा मला आनंद झाला. आत्या तो बघायला नव्हत्या. त्यांच्या हयातीत गावातल्या कितीतरी घरांतून भाकरी हळूहळू गेली होती, कारण रेशनवर गहू-तांदूळ मिळत होता. आता बाजारात ज्वारी बऱ्याचदा गव्हापेक्षा महाग असते, आणि फलकावरचं धान्य मजुरी करणाऱ्या घरात आठवड्याला किती येतं, हा प्रश्न शिल्लक राहतो.

त्याच्या आधीची गोष्ट. आत्या अंगणात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, हाडं फार ठिसूळ झाली आहेत. वयानं बायकांची हाडं ठिसूळ होतातच, त्याचा सगळा दोष जेवणावर टाकता येणार नाही. पण त्या रात्री दवाखान्याच्या बाकावर बसून मी आठवत राहिले: आत्यांच्या पानात दूध कधी होतं? दूध डेअरीला जायचं, उरलेलं मुलांना आणि मामांच्या चहाला. मला पहिल्या पंगतीला बसवल्यानंतरही त्या स्वतः शेवटी जेवत राहिल्या होत्या. प्रत्येकाच्या पानात काय नाही हे बघणाऱ्या बाईच्या पानाकडे घरातल्या कुणीच बघितलं नव्हतं, आणि त्या घरात मीही होते.

ते बदललं माझ्या मुलीनं. आजी घरी आल्यावर तिनं जाहीर केलं की आजी बसल्याशिवाय ती जेवणार नाही. आत्यांना आता तव्यापुढे बसता येत नव्हतं, त्यामुळे त्यांचा नाइलाज झाला. भाकऱ्या आधी करून टोपल्यात फडक्यात गुंडाळायच्या आणि सगळ्यांनी एकदम बसायचं, असं ठरलं. गरम भाकरीचा पापुद्रा सुटतो ती चव गेली, याचं मामांना वाईट वाटे. आत्यांच्या पानात मात्र रोज दह्याची वाटी आली, भाजी आली, तिळाची चटणी आली. मुलगी त्यांच्यासारखंच विचारायची, "हिरवं कुठाय?" आणि आत्या तोंडाला पदर लावून हसायच्या. सगळ्यांबरोबर बसून जेवण्याची ही चव त्यांना फार उशिरा मिळाली.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. शाळेत मातांची सभा असते तेव्हा मी हा आकडा सांगते, गोळ्यांचं सांगते, पाल्याचं आणि लिंबाचं सांगते. त्याआधी मात्र एक प्रश्न विचारते: तुमच्या घरी शेवटी कोण जेवतं? बायका एकमेकींकडे बघतात, कुणीतरी म्हणतं, "हे काय विचारणं झालं बाई?" मग मी त्यांना आत्यांनी मला मामांच्या शेजारच्या पाटावर बसवलं त्या दिवसाबद्दल सांगते, आणि त्या स्वतः कितीतरी वर्षं कुठल्या पंगतीला जेवल्या तेही सांगते.