हुरडा

परभणीत तुराबुल हक साहेबांचा उरूस फेब्रुवारीत भरतो. लहानपणी उरसाला जाताना आम्ही वाटेवर अण्णांच्या मळ्यात थांबायचो. अण्णा गोवऱ्यांच्या आगटीत ज्वारीची कणसं भाजायचे, हातावर चोळून गरम हुरडा पोत्यावर टाकायचे. सोबत गूळ, शेंगदाण्याची चटणी. अण्णांच्या घरी आमची कपबशी वेगळी, वळचणीला खोचलेली असे. मळ्यात भांडंच नव्हतं. एकाच पोत्यावर सगळ्यांचे हात पडायचे. परतताना अम्मी शिरणी द्यायची. काकू ती डोळ्यांना लावून खायच्या.

आता त्या घरात आमची कपबशी वेगळी नाही. पण मळ्यात ज्वारीही नाही. सोयाबीन, हरभरा आहे. चहा पिऊन आम्ही निघतो. हात मात्र अजून त्या पोत्याकडेच जातो.