हातानेच आवळा

आमचं घराणं पाणी चढवणाऱ्यांचं. अब्बा पंचगंगेच्या काठावरची ऑइल इंजिनं आणि पंप दुरुस्त करत. मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका शेडमध्ये पस्तीस वर्षं मोटारींचं वायंडिंग केलं. थोरला मुलगा डिप्लोमा करून पोहण्याच्या तलावांचे पंप बसवतो. तीन पिढ्यांत पाणी तेच राहिलं, पण ते कुणासाठी चढवायचं हे बदलत गेलं. अब्बांनी उसाला चढवलं, मी कारखान्यांना आणि बिल्डिंगच्या टाक्यांना, मुलगा आता निळ्या फरशीच्या हौदांना चढवतो.

कोल्हापूरकराला पोहणं नवं नाही. आमच्या पिढीतली पोरं पाठीला डबा किंवा भोपळा बांधून विहिरीत पडली आणि तशीच शिकली. पुढं रंकाळ्याजवळ महापालिकेचा अंबाई टँक झाला. याच गावचा वीरधवल खाडे २००८ साली बीजिंगच्या ऑलिंपिकमध्ये पोहला, २०१० च्या आशियाई स्पर्धेत त्यानं कांस्यपदक आणलं. तेव्हापासून आपल्या नातवंडांना पोहायला आलंच पाहिजे असं पुष्कळांना वाटू लागलं. पन्हाळ्याच्या रस्त्याला शेतघर असलेल्या एका मालकांनाही तसंच वाटलं. त्यांनी बारा मीटर लांब, पाच मीटर रुंद तलाव बांधला. सरासरी खोली १.२ मीटर, म्हणजे ७२ हजार लिटर पाणी. ते सगळं आठ तासांत एकदा गाळणीतून फिरवायचं, तर पंपानं ताशी नऊ हजार लिटर द्यायला हवेत. मुलाचं हे स्वतःच्या नावावरचं पहिलं मोठं काम होतं.

पंप वेग बदलणारा होता. सुरुवातीला मिनिटाला २९०० फेऱ्यांनी फिरून तो पाणी ओढून घेतो, मग कंट्रोलर त्याला १४५० वर आणतो. वेग निम्मा केला की पाणी साधारण निम्मं होतं, पण वीज मात्र एक अष्टमांश लागते. म्हणून रात्रभर हळू चालवायचा आणि बिल वाचवायचं, अशी योजना. घड्याळ, वेग, पाण्याच्या प्रवाहावरची नजर, सगळं त्या डबीकडं. बसवायच्या दिवशी मीही हौसेनं गेलो होतो. पोरगं वायरी जोडत होतं, मी पाइप पाहत होतो. शेवटची जोडणी आवळताना तो म्हणाला, "अब्बा, बस्स झालं एवढं." मी हसलो. बिडाच्या पाइपांवर हात बसलेला माणूस मी.

चौथ्या दिवशी फोन आला. पंप बंद.

दुखणं चमत्कारिक होतं. दिवसा जोरात चालवला की पंप चाले. रात्री वेग उतरला की दहा-पंधरा मिनिटांत कंट्रोलर "प्रवाह नाही" असं दाखवून त्याला बंद करी. सकाळी पुन्हा चालू केला तर कधी पाणी घेई, कधी कोरडाच घुमे. मुलगा तीनदा जाऊन आला. कंट्रोलर आणि पंप यांच्यामधल्या दोन वायरी उलटसुलट करून पाहिल्या, पंपाचा क्रमांक पुन्हा भरला, प्रवाहाचा स्विच नवा घातला. विकणारा म्हणे वायरिंग बघा. वायरमन म्हणे प्लंबिंग बघा. प्लंबर म्हणे असल्या डब्या आपल्याकडच्या विजेवर टिकत नाहीत. प्रत्येकाचं बोट दुसऱ्याकडं होतं आणि बाकीचे पैसे मालकांकडं अडकले होते.

चौथ्या खेपेला मी बरोबर गेलो. मालक सोप्यात बसले होते, शेजारी त्यांचे एक पाहुणे. मालकांनी विचारलं, "मिस्त्री, पंप नवाच बसवलाय न्हवं?"

मी म्हटलं, "खोकं तुमच्यासमोरच फोडलंय की."

तेव्हा पाहुणे मालकांकडं बघत म्हणाले, "असल्या लोकांस्नी काम दिलं की असंच हुतंय." असल्या म्हणजे कसल्या, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मुलानं मान खाली घालून हत्यारांची पिशवी उचलली. आम्ही मागं पंपाच्या खोलीकडं गेलो.

अब्बांची एक शिस्त होती. पंप बिघडला की आधी पाणी बघायचं, मग वारा, मग आग. आग म्हणजे इंजिन. माझ्या काळात तिथं वीज आली, क्रम तोच राहिला. नदीवरचा पंप पाणी सोडू लागला की लोक इंजिनवर खेकसत. अब्बा आधी पाण्यातल्या फूटव्हॉल्व्हकडं बघत. तो गळत असला तर पंपात पाण्याबरोबर शेणकाला ओतत, म्हणजे तेवढ्यापुरता व्हॉल्व्ह बसे. पंपाला पाणी ढकलता येतं, वारा ढकलता येत नाही, एवढंच त्या विद्येचं सार.

मी मुलाला म्हटलं, ती डबी बाजूला ठेव, पंप हातानं चालव. त्यानं पूर्ण वेग दिला. गाळणीच्या काचेसारख्या झाकणातून आत पाहिलं तर पाण्याबरोबर बुडबुडे धावत होते. म्हणजे कुठून तरी वारा येत होता. वेग जास्त असला की पाणी त्या वाऱ्याला पुढं घेऊन जातं. वेग उतरला की ते बळ राहत नाही, बुडबुडे झाकणाखाली जमत जातात आणि शेवटी पंपाच्या तोंडाशी पाण्याऐवजी हवाच येते. मग प्रवाह थांबतो आणि कंट्रोलर पंप बंद करतो. डबी खोटं बोलत नव्हती. प्रवाह खरोखरच नव्हता. आम्ही मात्र चार दिवस निरोप आणणाऱ्यालाच धरून बसलो होतो.

ओढीच्या बाजूची गळती दिसत नाही, कारण तिथून पाणी बाहेर येत नाही, वारा आत जातो. मी दाढीचा फेस मागवला आणि तलावाकडून पंपाकडं एकेक जोडाला लावत आलो. सगळीकडं फेस तसाच राहिला. पंपाच्या तोंडावरच्या युनियनला लावला आणि तो बघता बघता आत ओढला गेला.

पंप बंद करून, व्हॉल्व्ह मिटून युनियन उघडली. आतली रबरी ओ-रिंग खाचेतून निसटून एका बाजूला चेंगरली होती. प्लास्टिकच्या कड्यावर पाइप पान्याच्या दातांचे व्रण होते. ते दात मी ओळखले. पाना माझा होता. पंपाबरोबरच्या कागदावर लिहिलं होतं की हे कडं हातानेच आवळा, आणि मुलगा मला तेच सांगत होता.

त्यानं ते व्रण पाहिले, माझ्याकडं पाहिलं नाही. मग मला वाटलं, याला हे आधीच कळलं असावं का? बापाचं नाव येईल म्हणून हा चार दिवस वायरीच उलटसुलट करत बसला का? मी ते आजवर विचारलेलं नाही.

खोलीत आम्ही दोघंच होतो. पिशवीत नवी रिंग होती. पाच मिनिटांत घालून "कंपनीची रिंग खराब निघाली" म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? आणि खरं सांगितलं तर सोप्यात बसलेल्या त्या पाहुण्यांचा शब्द खरा ठरणार होता. हे मला पंपापेक्षा जड गेलं. आपल्याकडं आधीच बोट दाखवलेलं असलं की आपली खरी चूकही कबूल करणं अवघड होऊन बसतं. दुसऱ्याची एक चूक त्याची एकट्याची राहते. आपली चूक सगळ्यांच्या नावावर जाते.

पण न सांगावं तर तो दोष कुणाच्या तरी नावावर जाणारच होता. एक तर कंपनीच्या, नाही तर पोराच्या. मी रिंग आणि पाना घेऊन सोप्यात गेलो.

"मालक, पंप चांगला हाय. कंट्रोलर चांगला हाय. पोरानं काम बरोबर केलंय. ह्यो पाना माझा, आन् चूक बी माझी. त्यो नको म्हणत असताना मी आवळलं."

मालकांनी रिंग बोटांत धरून बघितली. "एवढ्याशानं?"

"एवढ्याशानंच."

पाहुणे काही बोलले नाहीत. चहा आला तेव्हा त्यांनी एक कप माझ्याकडं सरकवला. त्याचा अर्थ मी काढत बसलो नाही.

नवं कडं आणि नवी रिंग मुलानं बसवली, रिंगेला सिलिकॉनचं ग्रीस लावून, नुसत्या हातानं. पंप पाण्याच्या पातळीपेक्षा मीटरभर वर होता, बंद झाला की पाइपातलं पाणी मागं जाई. म्हणून ओढीच्या पाइपात एक परतरोधक व्हॉल्व्हही घातला, आणि कंट्रोलरमध्ये पाणी ओढून घ्यायचा वेळ थोडा वाढवला. रात्री दोघं तिथंच थांबलो. अकराला वेग उतरला. झाकणाखालचं पाणी काचेसारखं स्थिर होतं. एकही बुडबुडा नव्हता. पहाटे पाचला पंप चालूच होता.

मालकांनी बाकीचे पैसे दिले. नव्या रिंगेचे आणि कड्याचे पैसे मीच घेऊ दिले नाहीत.

परतताना मोटारसायकलवर मागं बसून मी विचार करत होतो. दोष शोधणं आणि दोष देणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याला फेस लागतो, उजेड लागतो, वेळ लागतो. दुसऱ्याला नुसतं तोंड पुरतं. अब्बांना पहिलं काम येत होतं. मला वाटत होतं, मलाही येतं. पण शोधताना आपला स्वतःचा हातही त्या यादीत धरायचा असतो, हे मी पासष्टाव्या वर्षी शिकलो.

पाइप पाना आता माझ्या घरी खुंटीवर असतो. मुलगा कामाला निघाला की मी विचारतो, "नेतोस का?" तो म्हणतो, "नको अब्बा, हातच बरा."