नाव कोणाचं?

२०१५ मध्ये न्यूक्लियाने ‘बास राणी’ हा अल्बम मुंबईत गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत आणला, तोही फुकट डाउनलोडला. संगीत त्याचं, पण ‘जंगल राजा’त आवाज डिवाइनचा. आणि गाण्यासोबतच डिवाइनचं नाव. पाहुणा गायक, पण मानाचा.

हे आठवलं परवा धानोऱ्याकडच्या एका लग्नात. डीजेवर गोंडी रेला गाणं वाजत होतं. खाली दणदणीत बेस, वर एका बाईचा मोकळा आवाज. पोरं बेभान नाचत होती, मीही नाचलो. मग डीजेवाल्याला विचारलं, "कोण गायली जी हे?"

"का माहीत भाऊ, पेनड्राइव्हमध्ये आलं."

रिमिक्सला माझा विरोध नाही. त्याच्यामुळेच शहरात शिकणारी आमची पोरं पुन्हा रेलावर पाय टाकतात. पण फाइलीवर मिक्स करणाऱ्याचं नाव मोठ्ठं असते, गाणारीचं कुठंच नसते.

गडचिरोली-चंद्रपूरच्या मिक्सिंगवाल्या पोरांनो, एकच म्हणणं आहे. गावात रेकॉर्डिंग कराल तेव्हा त्या मावशीला आधी विचारा. तिचं आणि गावाचं नाव लिहा. चार पैसे आले तर त्यात तिचाही वाटा ठेवा.

डीजे तुमचा, पण आवाज तिचा आहे ना बाप्पा!