फुकट ते पौष्टिक?

"फुकट ते पौष्टिक" असे आपण हसत हसत म्हणतो खरे, पण मनातून आपला त्यावर फारसा विश्वास नसतो. माझ्या लहानपणी गावातले वैद्य ओळखीखातर औषधाची पुडी तशीच देऊ करत, तर आजी त्यांच्यासमोर एक नाणे ठेवल्याशिवाय उठत नसे. दाम दिल्याशिवाय औषधाला गुण येत नाही, असे तिचे ठाम मत होते. तेव्हा मला ती अंधश्रद्धा वाटायची.

आजीची आठवण झाली ती माझ्या ऑनलाइन वर्गामुळे. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये शाळा बंद पडल्या, तेव्हा सूनबाईने मला झूम शिकवले आणि मी आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मराठी व्याकरणाचा आणि निबंधाचा वर्ग सुरू केला. आठवड्यातून दोन दिवस, संध्याकाळी. पैसे अर्थातच नाहीत. जन्मभर पगार घेऊन शिकवले, आता घरी बसून काय मागायचे? झूमचा फुकटचा वर्ग 40 मिनिटांनी आपोआप बंद होई. आमच्या शाळेचा तास 35 मिनिटांचा असल्याने माझी काही तक्रार नव्हती.

नातेवाईकांची, शेजाऱ्यांची, जुन्या विद्यार्थ्यांची मिळून 22 मुलांची नावे आली. पहिल्या दिवशी बहुतेक सगळी हजर. महिन्याभरात उरली 7. "बाई, आज झोप लागली होती." "काकू, विसरलोच बघा." कोणाच्या मनात वाईट नव्हते. वर्ग काय, पुढच्या आठवड्यातही असणारच होता!

सूनबाई म्हणाली, "आई, तुम्ही फी लावा. निदान झूमचे पैसे तरी निघतील." मला पटेना. आठ दिवस घरात यावर चर्चा झाली. शेवटी महिना 200 रुपये ठरले. मुले 13 झाली आणि तेराच्या तेरा येऊ लागली. बाई तीच, संधी-समास तेच, आवाज मध्येच तुटायचा तोही तसाच. एका आईने तर फोन करून सांगितले की गृहपाठ कमी पडतो. मला मनापासून आनंद झाला. फुकटच्या वर्गाबद्दल कोणी तक्रार केली नव्हती.

मुलाला हे सांगितले तर तो म्हणाला, यावर संशोधन झालेले आहे. 1985 मध्ये हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी अमेरिकेतल्या ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहात एक प्रयोग प्रसिद्ध केला. हंगामाची तिकिटे घ्यायला आलेल्यांपैकी काहींना पूर्ण किंमत लावली, काहींना गुपचूप सवलत दिली. नाटके तीच. पण हंगामाच्या पहिल्या निम्म्या भागात पूर्ण पैसे दिलेले लोक जास्त वेळा आले. पुढच्या निम्म्या भागात मात्र तो फरक उरला नाही. म्हणजे पैसे दिल्याची टोचणी हळूहळू बोथट होते. 1998 मध्ये जॉन गोरविल आणि दिलीप सोमण यांनी व्यायामशाळेबद्दल असेच दाखवले. (सोमण नाव दिसल्यावर मी जरा जास्त लक्ष देऊन ऐकले!) सहा महिन्यांची वर्गणी भरली की लोक लगेच जोमाने जाऊ लागतात, आणि पुढच्या वर्गणीपर्यंत जोम उतरत जातो.

हे मात्र मला घरातच दिसते. टीव्हीवरच्या सिनेमांची वर्गणी खात्यातून परस्पर जाते. 2021 पासूनच्या रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे आदल्या दिवशी बँकेचा संदेश येतो. त्या संध्याकाळी आमचे हे हमखास म्हणतात, "अगं, एखादा सिनेमा तरी बघू." एरवी महिनाभर आठवण नसते.

पण या सगळ्यात एक गोष्ट मला टोचत होती. फी लावल्यावर जी 9 मुले गेली, त्यातली 8 तशीही येत नव्हती. नववी मात्र नियमित येणाऱ्या सातांतली होती. माण तालुक्यातली मुलगी, नववीत शिकणारी. घरात एकच फोन, तोही वडिलांचा, आणि वर्गासाठी रिचार्ज संपवायचा. म्हणजे आमचा वर्ग तिला कधी फुकट नव्हताच. मी फोन केला, म्हटले, तू तशीच ये. ती म्हणाली, "बाई, बाबा नको म्हणतात. सगळे देतात तर आपण तसे बसायचे नाही."

मुलाकडून आणखी एक अभ्यास कळला होता. जेसिका कोहेन आणि पास्कलिन द्युपा यांनी केनियात गरोदर बायकांना डासांच्या जाळ्या दिल्या, काहींना फुकट, काहींना थोडी किंमत लावून. 2010 मध्ये तो प्रसिद्ध झाला. फुकट मिळालेल्या बायकांनी जाळ्या तितक्याच वापरल्या. पण अर्ध्या डॉलरच्या वर किंमत गेली तेव्हा घेणाऱ्याच खूप कमी झाल्या. गरज खरी असली की किंमत लावून आदर वाढत नाही, माणसे फक्त बाहेर राहतात. माझ्या आजीकडे ठेवायला नाणे होते, हेही इथे लक्षात घ्यायला हवे.

आमचा सातारा जिल्हा म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटलांचा. 1919 मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि 'कमवा आणि शिका' रुजवले. पैसे नसलेल्या मुलाने श्रम द्यावेत, मान खाली घालू नये. मी मुलीच्या वडिलांशी बोलले. मला रोज फळ्यावरचे वहीत उतरवून त्याचे फोटो गटावर टाकणारे कोणी हवेच होते. तिचे अक्षर सुरेख. ते काम तिचे, फी माफ. वडील लगेच हो म्हणाले.

तिच्या त्या पानांमुळे गैरहजर मुलांची सोय झाली, आणि ती स्वतः एकही दिवस चुकली नाही. 2022 मध्ये दहावी झाली. आता ते काम दरवर्षी एखाद्या मुलाकडे असते, आणि कोणाची फी माफ आहे हे बाकीच्यांना कळत नाही.

सूनबाई सध्या मागे लागली आहे की यूपीआयवर ऑटो-पे लावून टाका, दर महिन्याला मागायची कटकट नको. मी नको म्हटले आहे. एक तारखेला आठवण करायला लागते, ती मी करीन.