शीळ

आमच्याकडं 'नाकाचं हाड वाढलंय' म्हणतात. वाढलेलं काही नसतं; दोन नाकपुड्यांमधला पडदा एका बाजूला कललेला असतो. माझा डावीकडं होता. २५ वर्षं मी उजव्या नाकपुडीवर संसार केला, नि मग बेळगावातल्या एका दवाखान्यात ऑपरेशन करून घेतलं.

पहिले आठ दिवस नाकात बोळे, तोंडानं श्वास. हे सगळं आधी सांगितलेलं होतं. मिठाच्या पाण्यानं नाक धुवायचं, रात्रीसुद्धा, हेही. पण सूर्यास्तानंतर पाणी न घेणाऱ्या घरात नाकातून घशात उतरलेल्या थेंबाचं काय करायचं? आत्तींना विचारलं. सासूबाई माझ्या नियमाच्या पक्क्या. म्हणाल्या, "थुंकून टाक. नाकानं कोण जेवतंय?" प्रश्न मिटला.

न सांगितलेलं दीड महिन्यानं कळलं. नाकात सारख्या खपल्या धरायच्या, सकाळी रुमालावर रक्ताचा ठिपका. आणि श्वास घेतला की बारीक शीळ. दिवसा भांड्यांच्या आवाजात ती कळत नसे. बस्तीत कायोत्सर्गाला उभी राहिले तेव्हा कळली. ९ वेळा णमोकार, प्रत्येकाला ३ श्वास, म्हणजे २७ शिळा. शेजारच्या बाईंनी डोळे उघडून छताकडं पाहिलं. पाखरू शिरलं असं वाटलं असणार त्यांना.

डॉक्टर आधी म्हणाले, "भरून येईल." दुसऱ्यांदा, "मनाला लावून घेऊ नका." तिसऱ्या खेपेला मुलगी बरोबर आली. दुर्बीण घालून बघा म्हणून तिनं हट्टच धरला. पडद्याला भोक पडलं होतं. पडद्यात पुढं कूर्चा असते, मऊ हाड. तिला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. दोन्ही अंगांना चिकटलेल्या पातळ अस्तरातून रक्त मिळतं. ऑपरेशनमध्ये ते अस्तर सोडवावं लागतं. ते समोरासमोर दोन्हीकडं फाटलं, की मधली कूर्चा उपाशी पडते. गंमत म्हणजे शीळ वाजते ती लहान भोकाची. मोठं भोक बहुधा गप्पच असतं.

असं क्वचितच होतं, मान्य. सही घेतलेल्या कागदावर ते इंग्रजीत छापलेलंही होतं, वाचून कुणी दाखवलं नाही एवढंच. पण माझा राग भोकावर नाही, त्या 'मनाला लावून घेऊ नका'वर आहे. बाईच्या अंगातून आवाज येतोय, तर तो अंगातूनच येतोय हे पटायला तिसरी खेप का लागावी?

दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी दोन वाटा सांगितल्या. पुन्हा ऑपरेशन, पण भोक पुरतं बुजेलच याची खात्री नाही. नाहीतर सिलिकॉनचं बटण, थेट भोकात बसवायचं. बटण! मी सध्या मलम नि मिठाच्या पाण्यावर आहे. बस्तीत मागं, खांबाजवळ उभी राहते. श्वास अगदी सावकाश घेतला तर शीळ वाजत नाही. त्यामुळं वेळ फार लागतो. आत्ती चपलांजवळ ताटकळतात. परवा आतपर्यंत ऐकू येईल असं विचारलं त्यांनी, "झाले का गं सत्तावीस?"

तेव्हा एकोणिसावा चालला होता.