घराणं कॅनरीचं

कॅनरी म्हटलं की पिवळंधमक, चिमुकलं पाखरू डोळ्यांपुढे येतं. पण आंब्यांत जसा हापूस वेगळा नि पायरी वेगळी, तसंच या पाखरांचंही आहे. आफ्रिकेच्या वायव्येला कॅनरी बेटं आहेत. तिथला मूळ रानपक्षी हिरवट-पिवळा. पंधराव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो युरोपात नेला आणि पुढे माणसानं त्याला तीन वाटांनी घडवलं. कुणी गळ्यासाठी, कुणी रंगासाठी, तर कुणी रूपासाठी.

हे सारं मी जाणून घेतलं ते सासूबाईंमुळे. मामंजी गेल्यावर त्या रत्नागिरीचं घर बंद करून आमच्याकडे चेन्नईला आल्या. आम्ही दोघं दिवसभर ऑफिसात, मुलगा कॉलेजात. शेजारीपाजारी सगळे तमिळ बोलणारे. हळूहळू त्यांचं बोलणंच आटलं. "एखादा पोपट तरी आण गं, घरात कुणी बोलेल," एवढंच एकदा म्हणाल्या. पण आपल्याकडचे पोपट, मुनिया पकडणं, विकणं, घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे. कॅनरी परदेशी, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच जन्मलेली. तिला ही आडकाठी नाही.

आता कोणती आणायची? गाणाऱ्यांत जर्मनीचा रोलर नावाजलेला. चोच जवळजवळ मिटून, घशातल्या घशात, खालच्या पट्टीत तो लांबच लांब ताना घेतो. बेल्जियमच्या वॉटरस्लागरच्या गळ्यात पाणी खळखळतं. स्पेनचा टिंब्राडो मात्र खणखणीत, धातूवर ठोका पडावा तसा.

रंगवाल्यांत लाल कॅनरीचा मान मोठा. व्हेनेझुएलाकडच्या लाल सिस्किन पक्ष्याशी संकर करून ती घडवली. पण नवी पिसं येताना आहारातून रंगद्रव्यं मिळाली नाहीत, तर लाली फिकी पडते. रूपवाल्यांत इंग्लंडचा ग्लॉस्टर डोक्यावर गोल झुलपं मिरवतो. अशा दोन तुरेवाल्यांची जोडी मात्र लावत नाहीत. आई-बाप दोघांकडून तुऱ्याचा गुण आला, तर पिल्लू जगत नाही. यॉर्कशर उंच नि ताठ, नॉर्विच गुबगुबीत, फाइफ अगदी इवलीशी. लिझार्डच्या पाठीवर खवल्यांसारखी नक्षी असते.

मुलाला लाल हवी होती. पण सासूबाईंना वयोमानानं बारीक, उंच आवाज ऐकू येईनासे झाले होते. त्यामुळे रंग बाजूला ठेवला. कोळत्तूरला शोभेच्या माशांची दुकानं पुष्कळ, त्याच भागातल्या एका घरी कॅनरींची पैदास होते असं कळलं. घराणं विचारलं तर "कॅनरी" एवढंच उत्तर! नर-मादी दिसायलाही सारखीच. भरभरून गातो तो नर, म्हणून गाणं ऐकल्याशिवाय पक्षी घेऊ नये. आम्ही तासभर बसलो. शेवटी सासूबाईंनी कोपऱ्यातल्या मळकट हिरव्या पाखराकडे बोट दाखवलं. "हा मला ऐकू येतो."

कॅनरीला हाताळलेलं आवडत नाही. ती ऐकायची, खांद्यावर बसवायची नव्हे. दोन नर एका पिंजऱ्यात भांडतात, एकटा मात्र सुखानं गातो. चेन्नईच्या उन्हाळ्यात पिंजरा सावलीत, एसीच्या झोतापासून दूर ठेवावा लागतो. अंघोळीला रोज पसरट भांड्यात पाणी हवं. स्वयंपाकघरात तर पिंजरा नकोच, तापलेल्या नॉनस्टिक तव्याच्या वाफेनं पाखरू दगावू शकतं.

खाण्यात राळेही लागतात. ते संपले तेव्हा सासूबाई स्वतः खाली उतरल्या आणि वाण्याकडून "तिनै" मागून घेऊन आल्या. तो त्यांचा पहिला तमिळ शब्द. मग वाण्याची बायको पाखराची चौकशी करू लागली, समोरच्या पाटी गाणं ऐकायला येऊन बसू लागल्या. दोघींची भाषा वेगळी, पण दुपार बरी जाते.

पुढे एकदा पिसं झडू लागली आणि गाणं थांबलं. असं वर्षातून एकदा होतंच. मुलगा घाबरला, डॉक्टरांकडे नेऊ म्हणाला. सासूबाई पिंजऱ्यावर हलकं फडकं टाकत म्हणाल्या, "राहू दे रे त्याला गप्प. अंगावरचं गळून जातं, तेव्हा कुणाला गावंसं वाटतं? नवी पिसं आली की गाईल आपोआप."