सोळा आण्यांचं दुखणं

बुधवार पेठेत राहतो असं सांगितलं की कॉलेजातली पोरं आधी एकमेकांकडे बघून हसतात. सबमिशन जवळ आलं की तीच पोरं 'येताना तापकीर गल्लीतून एवढा आयसी आण ना' म्हणून मागे लागतात. दोन्हीची आता सवय झालीय. पण आज लिहायचंय ते तापकीर गल्लीतल्या कुठल्याच दुकानात न मिळणाऱ्या एका वायरीबद्दल. ती माझ्या आजीच्या डाव्या बरगडीखालून जाते आणि गेली दोन वर्षं बिघडलेली आहे.

आजीला नागीण झाली होती. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू जात नाही. तो मज्जारज्जूजवळच्या नसांच्या गाठीत झोपून राहतो आणि म्हातारपणी प्रतिकारशक्ती कमी झाली की एका नसेवरून बाहेर येतो. आमच्या वाड्यात लगेच सल्ले सुरू झाले. कुणी गेरू लावायला सांगितलं, कुणी मंत्र घालणारा सुचवला. एका काकूंनी तर 'नागिणीनं कमरेला वेढा पूर्ण केला की माणूस जातो' असं आजीसमोरच सांगून टाकलं! खरं म्हणजे प्रत्येक नस शरीराची एकच बाजू सांभाळते, त्यामुळे पुरळ साधारण मध्यरेषेवर थांबतं. वेढा पूर्ण होण्याची भीती फुकटची आहे. या सगळ्या गोंधळात मात्र आठवडा गेला. विषाणूवरच्या गोळ्या पुरळ आल्यापासून ७२ तासांत सुरू केल्या तर सगळ्यात चांगलं, हे आम्हाला नंतर कळलं.

पुरळ महिन्याभरात सुकलं, दुखणं राहिलं. तीन महिन्यांनंतरही राहिलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की आता हे नसेचं दुखणं. म्हणजे जखम नाही, पण नस 'जखम आहे' असा सिग्नल पाठवतच राहते. इनपुट शून्य आणि आउटपुट फुल. पंख्याचा वारा लागला तरी आजी कळवळायची. परकराची नाडी बांधणं म्हणजे रोजची शिक्षा. साध्या वेदनाशामक गोळ्यांचा काही उपयोग होईना, कारण त्या सूज आणि जखमेच्या दुखण्यासाठी.

मग सुरू झालं औषधांचं ट्यूनिंग. आधी अ‍ॅमिट्रिप्टिलिन, रात्री १० मिलिग्रॅम. आतेभावानं नेटवर बघून सांगितलं की ही डिप्रेशनची गोळी आहे. आजी भडकली, 'मला काय वेड लागलंय?' डॉक्टरांनी शांतपणे समजावलं की कमी डोसमध्ये ती नसेच्या दुखण्यावर चालते. झोप लागायला लागली, पण तोंडाला कोरड पडली आणि पोट साफ होईना. ती बंद करून गॅबापेंटिन आलं.

नावात 'गाबा' असलं तरी हे औषध गाबाच्या रिसेप्टरवर काम करत नाही. ते नसेच्या कॅल्शियम चॅनलच्या एका भागाला चिकटतं आणि सिग्नल पुढे पाठवणारी रसायनं कमी सुटतात. थोडक्यात गेन कमी करतं. पण गंमत अशी की आतड्यातून ते शोषून घेणारी वाहतूक मर्यादित आहे. दिवसाला ९०० मिलिग्रॅम घेतलं तर साधारण ६० टक्के रक्तात पोचतं, २४०० घेतलं तर ३४ टक्केच. आपल्या ॲम्प्लिफायरसारखं सॅच्युरेशन! म्हणून डोस दुप्पट केला की आराम दुप्पट, असा हिशोब इथे चालत नाही. शिवाय ते किडनीतून बाहेर पडतं, म्हणून म्हाताऱ्या माणसाचं क्रिएटिनिन बघूनच डोस ठरवायचा.

डॉक्टरांचा नियम एकच होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आठवडाभर थांबायचं आणि लिहून ठेवायचं. मी वही आखली: वेळ, गोळी, दुखणं, चक्कर, झोप. दुखणं दहापैकी किती हे विचारलं तर आजी म्हणाली, 'दहात नाही रे मोजता येत. आण्यांत सांगते.' तेव्हापासून आमचं स्केल सोळा आण्यांचं. डॉक्टरांनीही ते मान्य केलं.

रात्री १०० नं सुरुवात केली तेव्हा दुखणं चौदा आणे. रात्री ३०० झालं तेव्हा दहा. सकाळ-रात्र ३०० झालं तेव्हा सहा. तीन वेळा ३०० झालं आणि वहीत दोन आणे लागले! घरात सगळे खूश. पण चक्करच्या रकान्यात रोज फुली. पावलं सुजली. आमच्या वाड्याचा जिना अंधारा आणि उभा, दोर धरून उतरायचा. त्यावर आजीचा एकदा तोल गेला, बाबांनी धरलं म्हणून वाचली. शब्दकोडं सोडवताना पेन हातात तसंच राहायचं आणि मान खाली.

त्या आठवड्यात आजी वैतागून म्हणाली, 'उद्यापासून सगळं बंद.' डॉक्टरांनी तिला एकदम थांबवायचं नाही म्हणून बजावलं. असं औषध पायरी-पायरीनं उतरवावं लागतं, नाहीतर घाम, बेचैनी, झोप उडणं असले त्रास होऊ शकतात. मग त्यांनी तिलाच विचारलं, 'आजी, तुम्हाला नक्की काय हवंय?'

आजी म्हणाली, 'दोन आणे दुखणं आणि दिवसभर गुंगी, यापेक्षा सहा आणे दुखू दे. पण मला माझ्या पायांनी जोगेश्वरीला जाता आलं पाहिजे. आणि कोडं सुटलं पाहिजे.'

मला हे ऐकून खरंच धक्का बसला. कंट्रोल सिस्टिम्समध्ये आपण एरर शून्य करायच्या मागे असतो. सेट पॉइंट दिलेलाच असतो, तो कुणी ठरवला हे कोणी विचारत नाही. इथे मात्र आम्ही सगळे वहीतला एकच रकाना बघत होतो आणि ज्या माणसाला दुखतंय ते दुसऱ्या रकान्याकडे बोट दाखवत होतं.

दुपारची गोळी गेली. सकाळची १०० झाली, रात्रीची ३०० राहिली. दुखणं सात आण्यांवर स्थिरावलं. पावलांची सूज उतरली. परकराची नाडी आता सैल बांधते आणि आत मऊ सुती कापड ठेवते.

मित्रांनो, घरात कुणाच्या अंगावर एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड आले तर गेरू शोधत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची दोन डोसांची लस २०२३ पासून भारतात मिळते, तिच्याबद्दलही विचारा. आणि डोस स्वतःच्या मनानं वाढवू-कमी करू नका. आमच्या आजीचे आकडे आजीचेच आहेत.

काल वहीत आजीनं स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: 'सात आणे. चक्कर नाही. जोगेश्वरीला जाऊन आले. कोडं एक शब्द राहिलं.'